रंगारणीची मुलगी

नर्सबाई बसमधून उतरल्या आणि त्यांनी चहूकडे नजर फिरवली. ज्या गावावर त्यांची लाडकी कादंबरी बेतली होती, ते हे गाव. इथं यायचा बेत धाकट्या जावेचा.

नर्सबाईंचे यजमान ऐन उमेदीत गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ड्यूटीवर जायच्या, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायच्या. समजावणाऱ्यांनी हात टेकले. जाऊ मात्र रोज संध्याकाळी कादंबरी घेऊन यायची आणि शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. शेवटी कादंबरीतली तरुण रंगारीण नदीत बुडाली आणि नर्सबाईंचा बांध फुटला. हमसून हमसून रडल्या आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

विचारत विचारत दोघी एका बोळात शिरल्या. एका दुकानाबाहेर ओलं निळं कापड वाळत होतं. आत पातेल्यात रंग रटरटत होता आणि कोपरापर्यंत हात निळे झालेली एक बाई काठीनं कापड ढवळत होती.

"कादंबरीवाल्या ना?" ती हसली. "या, पण जरा लांब बसा. शिंतोडे उडतात."

"ती रंगारीण याच बोळातली?" नर्सबाईंनी विचारलं.

"माझी आईच ती. लेखक समोरच्या माडीवर राहायचे."

नर्सबाई गोंधळल्या. "पण ती तर लग्नाआधीच..."

"बुडाली? अहो, नातवंडं खेळवून, चांगली म्हातारी होऊन गेली! त्या शेवटावर तिचा भारी राग. म्हणायची, माझ्यासारखं पोहणारं गावात कुणी नाही आणि हा मला बुडवतो? लेखकाला तोंडावर झापलं होतं तिनं. ते म्हणाले, बाई, चुकलं खरं, पण आता छापून झालं."

जाऊ खो खो हसत सुटली. नर्सबाईंना मात्र क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. मग, इतकी वर्षं मनात मेलेली ती पोर पदर खोचून लेखकाशी भांडताना दिसली आणि त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. त्यांनी बाईचा ओला, निळा हात धरला.

"तुमच्या आईसाठी रडले नसते, तर मी पुन्हा माणसांत आले नसते. त्यांचे आभार मानायचे राहिले हो."

बाईनं हात सोडवून घेतला नाही. "आईनं हे ऐकायला हवं होतं. म्हणाली असती, चला, माझं बुडणं कुणाच्या तरी कामी आलं!"

बोळाच्या तोंडाशी आल्यावर नर्सबाई थांबल्या.

"तेव्हा तू रोज यायचीस. मी तुला कधी साधं बरं वाटलं म्हणूनही सांगितलं नाही गं."

"ताई, काहीतरीच काय!" जाऊ म्हणाली आणि पर्समध्ये उगाच रुमाल शोधू लागली.

नर्सबाईंनी भर रस्त्यात तिला जवळ घेतलं. जावेच्या नव्या कोऱ्या साडीवर निळा पंजा उमटला. दोघींच्या ते घरी पोचल्यावरच लक्षात आलं.