मावशींसाठी मानाचा शब्द

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चौदा वर्षं राबलेल्या मावशींना दुसऱ्या दवाखान्यात अर्ज करायचा होता. त्यासाठी सुपरवायझरसाहेबांचं इंग्रजी प्रमाणपत्र हवं होतं. हे साहेब खुर्चीतून उठायचे ते फक्त चहाला आणि घरी जायला.

मी तिथली टायपिस्ट. साहेबांनी मला ऐटीत सांगितलं, "लिही, 'शी इज अ वर्कहॉर्स.'"

मावशी समोरच उभ्या होत्या. "म्हणजे काय गं?"

"कामाचा घोडा," मी म्हणाले.

"घोडा? मी चादरी धुतल्या, टांगा नाही ओढला."

"अहो मावशी, इंग्रजीत ती स्तुती असते," साहेब म्हणाले.

"मग ती तुम्हालाच ठेवा."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी 'ओबीडियंट' काढला. त्याचा अर्थ सांगितलेलं निमूट ऐकणारी, हे कळल्यावर मावशी म्हणाल्या, "मला काम सांगायला आलंय कोण कधी?"

"तूच शोध काहीतरी मानाचं," असं मला फर्मावून साहेब चहाला गेले.

मी मावशींना विचारलं, दिवसभर काय काय करता? पाळ्या त्या लावायच्या. नव्या बायकांना त्या शिकवायच्या. ऑपरेशनचे कपडे वेगळे उकळले का, ते बघायच्या. मशीन अडलं की मेकॅनिकच्या मागे लागायच्या, आणि वॉर्डातून ओरड झाली की बोलणीही त्याच खायच्या. मी सगळं इंग्रजीत उतरवलं आणि खाली टाइप केलं, 'प्रत्यक्षात सुपरवायझरचं काम याच करतात.'

साहेबांनी परत येऊन वाचलं आणि ते लालबुंद झाले. "खोड हे!"

"यातलं कुठलं काम तुम्ही करता, साहेब? तेवढं खोडते."

त्यांनी यादी दोनदा वाचली. "पाळ्यांचा कागद तर मीच..."

"त्यावर सही करता," मावशी म्हणाल्या. "तीही मी आठवण केल्यावर."

एवढ्यात वॉर्डातली नर्स आत आली. साहेबांकडे न बघताच तिनं विचारलं, "मावशी, आमच्या चादरी कधी मिळणार?" साहेबांनी घाईघाईनं सही ठोकून कागद मावशींच्या हातात दिला; नर्सनं तो वाचला असता तर उरलीसुरली अब्रूही गेली असती.

मावशींना नोकरी लागली, थेट सुपरवायझरची. इकडे चार दिवसांत मळक्या कपड्यांनी लॉन्ड्रीचं दार अडलं. पाचव्या दिवशी साहेब फोनवर मावशींना विचारत होते, कुठल्या मशीनला साबण किती. आणि त्या बाईनं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर फोन आपटला असता.