मांडीवरची पेटी

लेकीचा फोन आला तेव्हा पडदेवाली एका नाट्यगृहाचा मखमली पडदा मशीनखाली ओढत होती. मखमल म्हणजे चिखलात बसलेली म्हैस, एकदा बसली की हलायचं नाव नाही. कान आणि खांदा यांच्यात फोन धरून तिनं ऐकलं, आणि पायाखालचं मशीन आपोआप थांबलं.

“आई, मिळालं गं! माझं जहाज! अठरा तारखेला दुपारी चारला मी ते धक्क्यावरून बाहेर काढणार. मी! कप्तान म्हणून!”

“माझी वाघीण ती,” पडदेवाली म्हणाली आणि मखमलीलाच डोळे पुसले. नाट्यगृहाला काय कळतंय.

“तू येशीलच. पण बाबा?” पलीकडचा आवाज जरा खाली आला. “धाकट्याला सोडून येतील का गं ते?”

धाकटा म्हणजे पितळी कोपऱ्यांची, विटेएवढी एक लाकडी पेटी. लेक एकुलती एक. बापाच्या जिवात वाटेकरी होऊन बसलेल्या त्या पेटीला हे नाव तिनंच ठेवलेलं.

पेटीत एकसष्ट जुनी नाणी होती. पडदेवालीचा नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणे. भंगारवाल्यांच्या टोपल्या आणि गिऱ्हाइकांच्या आजोबांचे खण धुंडाळत त्यांनी चाळीस वर्षांत ती एकेक करून जमवली. तोवर सगळं ठीक होतं. बारा वर्षांपूर्वी एक जाणकार घरी आला, घोड्याची छाप असलेलं एक नाणं त्यानं भिंगाखाली धरलं, आणि घाम पुसत म्हणाला, “साहेब, या एकात तुमच्या गल्लीतली दोन घरं येतील.”

झालं. त्या दिवसापासून घड्याळजी एकदाही मुक्कामाला बाहेर गेले नाहीत. लेकीच्या लग्नाला शेजारच्या तालुक्यात सकाळच्या बसनं गेले, संध्याकाळच्या बसनं परत. तिच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, एवढं ते ऐकून होते. बँकेच्या लॉकरचाही प्रयोग झाला होता एकदा. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला, चौथ्या दिवशी पेटी घरी आणली, पाचव्या दिवशी ताप गायब.

“या वेळी जायचंच,” जेवताना पडदेवाली म्हणाली.

“अगं, मी कुठं नाही म्हणतोय? पण पेटीचं काय?”

“राहील घरात.”

“आणि कुणी घुसलं तर?”

“मग घ्या बरोबर.”

“आणि वाटेत गेली तर?”

“शेजारी ठेवू.”

“शेजारी!” घड्याळजींनी भिंतीकडे असं पाहिलं, जणू पलीकडे चोरांची शाळाच भरते. शेजारी बिचारे शाळेत चित्रकला शिकवायचे.

तीन दिवस हेच चाललं. घरी ठेवावी तर जीव घरात, बरोबर न्यावी तर जीव पेटीत. लेकीकडे न्यायला मग जीव उरतोच कुठं, पडदेवालीच्या मनात येई. चौथ्या दिवशी घड्याळजींनी हातातला चमचा खाली ठेवला.

“ठरलं. न्यायची. मांडीवर घेऊन बसेन, खाली ठेवणार नाही. पण ते पितळी कोपरे कुणाच्या नजरेत भरायला नकोत. तू एक खोळ शिव. जाड कापडाची, चारी बाजूंनी पक्के टाके. उसवल्याशिवाय उघडता कामा नये.”

पडदेवालीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं समुद्र दिसेना, जहाज दिसेना, लेकही दिसेना. धक्क्यावर पोचल्यावर हा माणूस आजूबाजूच्यांच्या हातांवर नजर ठेवून उभा राहणार आणि जहाज निघून गेल्यावर विचारणार, गेलं का? तिला ते चित्र आत्ताच दिसलं.

“शिवते,” ती म्हणाली, आणि तिची नजर समोरच्या खिडकीवर गेली.

पुढच्या खोलीतले चार पडदे तिनंच शिवलेले होते, निळ्या जाड कापडाचे, जमिनीला टेकतील न टेकतील इतक्या मापाचे. पडदा सरळ पडायचा तर त्याच्या खालच्या दुमडीत वजन घालावं लागतं. शिशाच्या चपट्या चकत्या मिळतात, त्या हातभर अंतरानं दुमडीत शिवून टाकायच्या. मग वारा येवो की पंखा फिरो, पडदा शिस्तीत उभा. गावभर तिच्या पडद्यांचं नाव होतं. घड्याळजींनी मात्र पस्तीस वर्षांत त्यांच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. पडदा त्यांच्या लेखी ओढून घ्यायची वस्तू. ओढला की पेटी उघडता येते.

दुपारच्या जेवणानंतर घड्याळजी तासभर झोपत. गळ्यातली पेटीची किल्ली छातीला रुतते म्हणून तेवढा वेळ ती खुंटीवर असे. रोज संध्याकाळी ते पेटी उचलून हातावर तोलत. त्यांचा हात म्हणजे काटा, गुंजभर फरकही त्यातून सुटायचा नाही. तेव्हा काम जोखून करायला हवं होतं.

चार दुपारी, चार पडदे. खोळ शिवतेय म्हणून पेटी तिच्याच टेबलावर. तिनं नवऱ्याचेच पांढरे हातमोजे घातले. नाणं तराजूच्या एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात दुमडीतून काढलेलं शिसं, कमी पडलं तर घरातल्या डब्यातलं, जास्त झालं तर कातरीनं कातरलेलं. नाण्याला दुमडीत मऊ, धुतलेल्या सुती कापडाचा वेगळा कप्पा, म्हणजे एक दुसऱ्याला घासायला नको. शिशाला तसंच कापड गुंडाळून पेटीत नाण्याच्या जागी. घोड्याचं नाणं काढताना ते मोज्याच्या धाग्यात अडकलं. शेपटीमागं, कडेला, दिसणार नाही अशी बारीक खाच होती. तिनं ते हळूच सोडवलं आणि मधल्या एका पडद्याच्या कोपऱ्यात ठेवलं, जिथं कापडाला सगळ्यात जास्त भार लागतो. सुई चालली की तिच्या ओठावर ओळ यायची, तशी ती आली:

*टाक्यामागं टाका, सुई चालते मुक्यानं,*
*जड जीव माझा, धरला हलक्या धाग्यानं.*

संध्याकाळी घड्याळजींनी खोळीतली पेटी हातावर तोलली. पडदेवाली सुईत दोरा ओवत राहिली.

“बरोबर,” ते म्हणाले. “टाके बरे घातलेस.”

प्रवास लांबचा होता, एक रात्र गाडीतच जाणार होती. आगगाडीत घड्याळजी खिडकीशी बसले, पण खिडकीबाहेर त्यांनी पाहिलं नाही. पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर. पडदेवालीनं संत्रं सोललं, तर म्हणाले, “तूच भरव.” समोरची बाई पदराआड हसली. “बाळाला इतकं कुणी जपत नाही हो,” ती म्हणाली. पडदेवाली नुसती हसली. मनात मात्र टोचत होतं. हा माणूस शिसं जपत बसलाय आणि मी त्याला संत्र्याच्या फोडी भरवतेय.

जंक्शनवर गाडी बदलायची होती. पन्नास पावलांवर दुसरा फलाट. तिथवर जाताना पडदेवाली पिशवी घेऊन पुढं होती, मागं घड्याळजींच्या बुटाची नाडी सुटली. ते बाकापाशी थांबले, पेटी बाकावर ठेवली, वाकले, गाठ मारली आणि सरळ झाले.

बाक रिकामं होतं.

घड्याळजी ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी बाकावर हात फिरवला, बाकाखाली पाहिलं, पुन्हा वर हात फिरवला. मग खाली बसले. बारा वर्षं एका रात्रीसाठीही जो माणूस हलला नव्हता, तो एका नाडीपायी रिकामा झाला होता.

“तू जा,” ते म्हणाले. आवाज कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखा. “गाडी वीस मिनिटांत आहे. मी चौकीवर जातो. मी इथंच थांबतो.”

“दुसरी गाडी उद्या आहे. तोवर जहाज गेलेलं असेल.”

“माझी नाणी गेली गं!”

“नाणी नाही गेली,” पडदेवाली त्यांच्या शेजारी बसली. “घरी आहेत. पुढच्या खोलीतल्या पडद्यांत.”

घड्याळजींनी मान वळवली. “माझी समजूत काढू नकोस. मी लहान नाही.”

“खालच्या दुमडीत शिवलीत. पेटीत होत्या त्या माझ्या शिशाच्या चकत्या. वजनाला वजन.”

“पेटी मी रोज हातावर तोलत होतो!”

“म्हणून तर जोखून भरली.”

ते तिच्याकडे पाहत राहिले. विश्वास ठेवावा तर आशा, आणि आशा खोटी निघाली तर पुन्हा मरण. तेवढ्यात दूर कुठं गाडीची शिट्टी झाली. पडदेवालीच्या लक्षात आलं, आता शपथा घालून काम भागणार नाही. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

“घोड्याच्या शेपटीमागं कडेला बारीक खाच आहे. डोळ्याला दिसत नाही. सुती धागा अडकतो तिथं.”

घड्याळजींचा चेहरा एकदम बदलला. त्या खाचेबद्दल त्यांनी चाळीस वर्षांत कुणापाशी शब्द काढला नव्हता. जाणकारालासुद्धा ती सापडली नव्हती.

“तू,” ते उठून उभेच राहिले, “तू घोड्याला बोट लावलंस?”

“मोजे घालून. तुमचेच.”

“धुतलेले?”

“धुतलेले.”

“एकमेकांना घासत तर नाहीत ना?”

“प्रत्येकाला वेगळी खोली दिलीय. आपल्याला लग्नानंतर सहा वर्षं मिळाली नव्हती.”

घड्याळजींच्या छातीतून कसला तरी आवाज निघाला. रडू असावं असं तिला वाटलं, पण ते हसू होतं, गंजलेलं, बऱ्याच वर्षांनी किल्ली दिलेलं. “म्हणजे काल सकाळपासून मी मांडीवर शिसं घेऊन बसलोय?”

“काहीतरी मांडीवर घेतल्याशिवाय तुम्ही निघालाच नसतात.”

शिट्टी जवळ आली.

“आणि तो चोर?” गाडीत चढता चढता ते म्हणाले. “टाके उसवून बघेल तेव्हा?”

“पडदे शिवायला घेईल,” पडदेवाली म्हणाली. “चकत्या चांगल्या आहेत.”

पुढच्या प्रवासात घड्याळजींच्या हातांना काय करावं ते कळेना. ते गुडघ्यांवर ठेवून पाहिले, खिशात घालून पाहिले. शेवटी त्यांनी संत्रं उचललं, सोललं आणि फोडी बायकोपुढं केल्या. मग ते बाहेर बघू लागले. “हे काय पीक आहे गं? आणि ती कसली चिमणी?” शेवटी तर पडदेवालीला डुलकी लागली तरी त्यांचे प्रश्न चालूच.

धक्क्यावर ऊन लखलखत होतं. जहाज म्हणजे सात मजली घर पाण्यात सोडल्यासारखं. वरच्या कठड्याशी पांढऱ्या गणवेशातली लेक उभी होती, आणि ती गर्दीत आपला बाप शोधत होती, हे आईला खालूनही कळलं. ती पेटी शोधत होती. बाप जिथं, तिथं पेटी, हे तिला पाठ होतं.

“अगं ए कप्तान!” घड्याळजी ओरडले, एवढ्या मोठ्यानं की शेजारचा दोरवाला दचकला. “इकडं! इकडं बघ!”

आणि त्यांनी हात वर केले. एक नव्हे, दोन्ही. उघडे, रिकामे, पाचही बोटं फाकलेले दोन्ही हात.

वर लेकीला ते हात दिसले. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि हवेत हलवली, कप्तानानं असं करायचं नसतं तरी. भोंगा वाजला, अंगातून आरपार गेला. दोर सुटले, जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची पट्टी उघडत गेली, आणि ते सबंध डोंगराएवढं लोखंड त्यांच्या पोरीच्या शब्दासरशी वळलं. घड्याळजी हात खाली घेईनात. धूर दिसेनासा झाला तरी घेईनात.

“परतीची तिकिटं उद्याची आहेत,” पडदेवालीनं आठवण केली.

“बदलता येतात का?” ते म्हणाले. “जावई घरी आहेतच. तिच्या खिडकीतून समुद्र कसा दिसतो ते एकदा बघू.”

बारा दिवसांनी घर उघडलं. घड्याळजी बूट न काढताच पुढच्या खोलीत गेले. पडदेवाली दारातच थांबली. तिला वाटलं, आता गुडघे टेकून दुमड चाचपतील, कातरी मागतील. त्यांनी खिडकी सताड उघडली. बाहेर चांगला वारा होता. टेबलावरचा कागद उडाला, दिवा हेलकावला, कॅलेंडर भिंतीवर फडफडलं.

चार निळे पडदे वरपासून खालपर्यंत एका रेषेत उभे होते. जागचे हलले नाहीत.

घड्याळजी मागं सरले, मान वर केली, आणि एखादं अवघड घड्याळ चालू झाल्यावर बघावं तसे बघत राहिले.

“काय सुरेख पडतात गं तुझे पडदे,” ते म्हणाले.

पडदेवालीनं पिशवी खाली ठेवली. पस्तीस वर्षं तिनं या वाक्याला जागा राखून ठेवली होती.

“नाणी काढून देऊ का?” तिनं विचारलं.

“छे,” घड्याळजी म्हणाले. “पुढच्या महिन्यात तिचं जहाज परत येतंय. तेव्हा पुन्हा शिवत बसणार का तू?”