नख अडू नये म्हणून

मित्रांनो, वयाने जुना, रंग उडालेला आणि एका जबड्याची रबरी गादी फाटलेला असा मी एक शिकंजा आहे. दचकू नका. वर्तमानपत्रांनी आमच्या घराण्याची फार बदनामी केली आहे. महागाईचा शिकंजा काय, कायद्याचा शिकंजा काय! मी आयुष्यात कुणाचा गळा धरलेला नाही. मी फक्त कपाटं धरतो, तीही घटकाभरच.

तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीला ओळीने कपाटं लागलेली असतील. ती एकच लांबलचक वस्तू वाटते. खरं तर ते सुटे सुटे खोके असतात आणि शेजारी उभे केले की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एक जरा पुढे, एक जरा मागे, एक उगाच मान वर करून. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना होतं ना, तसं. अशा वेळी मला बोलावतात. माझे दोन जबडे दोन कपाटांच्या कडा धरतात. माझा वरचा आखूड हात दोघांची तोंडं दाबून एका रेषेत आणतो. माझ्या पोटातल्या पितळी नळीतून ड्रिलचा बरमा सरळ आत शिरतो आणि मग स्क्रू बसतो. स्क्रू बसला की सगळ्यात आधी मला काढतात. पुढे घरमालक बिजागऱ्यांचं कौतुक करतात, मुठींचं करतात. माझं नाव कुणालाच ठाऊक नसतं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी पहिली काही वर्षं स्वतःला बजावत असे. नंतर खरोखरच वाटेनासं झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्यातलं 'फार गरम होतं' एवढंच आठवतं. माझ्या पाठोपाठ त्याच साच्यातून माझा जुळा बाहेर पडला. आम्ही जोडीनेच विकले जातो, कारण कपाट नुसतं वरून धरलं तर ते खालून तोंड फाकवतं. म्हणून एक शिकंजा वर लागतो आणि एक खाली. मी वरचा, जुळा खालचा. असं कुणी ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं.

आम्हाला विकत घेतलं दोन सख्ख्या भावांनी. त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. थोरल्याला सगळे भाऊ म्हणत. धाकट्याला बाळ्या म्हणत, आणि चांगल्या जाडजूड मिशा आल्या तरी म्हणतच राहिले. आम्ही येण्यापूर्वी भाऊ गुडघ्याने कपाट दाबायचे, बाळ्या खांद्याने रेटायचा आणि स्क्रू निम्मा आत गेला की नेमकी कुणाला तरी शिंक यायची. आम्ही आलो आणि त्या घरातले गुडघे सुटले.

भाऊंची एक रीत होती. सांधा बसला, आम्हाला काढलं, की ते अंगठ्याचं नख सांध्यावरून आडवं फिरवायचे. नख जरा जरी अडलं तरी पुन्हा सगळं सैल. नख घसरत गेलं तर भाऊ म्हणायचे, "हं." मित्रांनो, हे 'हं' म्हणजे त्या दुकानातलं सगळ्यात मोठं बक्षीस. बाळ्याला ते लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

अशी बरीच वर्षं मजेत गेली. मग दोघांचं बिनसलं.

कशावरून, ते सांगतो. हसू नका. स्वयंपाकघर लावताना आधी वरची कपाटं लावायची की आधी खालची, यावरून. भाऊ म्हणत, आधी वरची. खालची मध्ये आली की हात पोचत नाही, पोट अडतं. बाळ्या म्हणे, आधी खालची. तीच नसतील तर वरच्यांना टेकू कशाचा द्यायचा? दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच भांडण मिटेना. एकाचं चूक असतं तर त्याने केव्हाच आरडाओरडा करून ते मिटवलं असतं.

शेवटी दोघांनी अवजारांची वाटणी केली. वाटणी इतकी काटेकोर झाली की ओळंब्याचं वजन बाळ्याकडे गेलं आणि दोरी भाऊंकडे राहिली. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते तो दाखवतो. दोरीवाचून ते वजन कागद दाबायच्या कामाचं, आणि वजनावाचून दोरी कपडे वाळत घालायच्या. आमचंही तेच झालं. मी भाऊंकडे राहिलो, जुळा बाळ्याच्या पेटीत गेला.

एकट्या शिकंज्याला काय किंमत असते? भाऊंच्या घरी वहिनींनी मला पिठाच्या पिशवीचं तोंड बंद करायला लावलं. मग खुर्चीचा मोडका पाय चिकटेपर्यंत धरायला. पुढे मी वाऱ्याने आपटणारं दारही अडवून धरलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे तुमचं यंत्र मोठं गुणी आहे हो." कौतुक असं अवेळी आणि भलत्याच कामासाठी मिळतं. माझ्या आवळायच्या स्क्रूच्या आट्यांत पीठ गेलं, मग दमट हवा, मग गंज.

आणि मग ताईचं घर आलं.

ताई ही दोघांची थोरली बहीण. तिने नवं घर घेतलं आणि जाहीर केलं की स्वयंपाकघर माझे भाऊच लावतील, दुसरा सुतार उंबऱ्याच्या आत येणार नाही. ठरलं होतं असं, की हे काम उरकलं की दुकानाला कायमचं कुलूप लागणार. बाळ्याने परगावच्या एका कारखान्यात नोकरी धरली होती. तो गेला की जुळाही जाणार. आम्हा चौघांचंच ते शेवटचं काम होतं.

ताई हुशार. तिने एका दिवशी भाऊंना बोलावून वरची कपाटं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी बाळ्याला बोलावून खालची लावून घेतली. भाऊंना वाटलं, आधी वरची झाली, म्हणजे आपलं खरं झालं. बाळ्याने भाऊंच्या कामाकडे मान वर करून पाहायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे त्यालाही आपलंच खरं झालं असं वाटलं. दोघांनीही आपापल्या दिवशी खिडकीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, पहिलं कपाट भिंतीला भिडवलं आणि तिथून ओळ पुढे नेली.

तिसऱ्या दिवशी ताईने दोघांना एकाच वेळी बोलावलं आणि दुसराही येणार आहे हे कुणालाच सांगितलं नाही. राहिलं होतं एकच कपाट, जमिनीपासून छतापर्यंत जाणारं उभं. ते ओळीच्या शेवटी उभं राहणार, वर भाऊंच्या ओळीला जोडलं जाणार आणि खाली बाळ्याच्या. एका माणसाचं ते काम नव्हतं आणि एका शिकंज्याचं तर नव्हतंच.

भाऊंनी मला पेटीतून काढलं. बाळ्याने जुळ्याला काढलं. आम्ही एकमेकांना पाहिलं. जुळ्याला तेल दिलेलं होतं, मला पीठ लागलेलं होतं.

"ताई, त्याला सांग, खालून धर म्हणावं," भाऊ म्हणाले. बाळ्या हाताच्या अंतरावर उभा होता.

"ताई, त्यांना सांग, धरलंय म्हणावं," बाळ्या म्हणाला. भांडण झाल्यापासून तो भाऊंना अहो-जाहो करायला लागला होता. घरात आदर एकदम वाढला की समजावं, काहीतरी बिघडलंय.

"मी काय टेलिफोन आहे?" ताई म्हणाली आणि शेजारणीकडे चहा करायला निघून गेली.

उभं कपाट खालच्या ओळीला टेकलं. वर पाहिलं तर बोटभर फट. भाऊंनी मला लावून आवळलं. वरची फट मिटली आणि खाली बोटभर फट पडली. बाळ्याने जुळ्याला आवळलं. खालची मिटली, वरची उघडली. भाऊंनी आणखी एक फेरा दिला. बाळ्याने दोन दिले. कपाट कण्हायला लागलं. दोघांची तोंडं लाल झाली, पण बोलायचं नाही हा पण होता, म्हणून दोघेही माझ्याशी आणि जुळ्याशी बोलत होते.

"अरे, घे ना, घे," भाऊ मला म्हणाले. मित्रांनो, मी घेत होतो. पण नसलेली जागा कुठून आणू? वर मी ओढत होतो, खाली माझाच जुळा, आणि मध्ये बिचारं ते कपाट. इतक्यात 'कट्' असा आवाज झाला. फळीला केसाएवढी चीर गेली आणि माझी रबरी गादी फाटली.

ताई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ओट्यावर ठेवले, सरळ येऊन माझा स्क्रू सैल केला, खाली वाकून जुळ्याचा सैल केला आणि आम्हा दोघांना पदराखाली घेतलं.

"कपाट माझं आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघे मोडा हवं तर. ते मोडू नका."

"वरची ओळ बरोबर आहे," भाऊ म्हणाले.

"खालची ओळ बरोबर आहे," बाळ्या म्हणाला.

"बरोबर आहे ना दोघांचं? मग फट कुणाची? माझी?"

बाळ्याने पहिल्यांदाच मान वर करून भाऊंची ओळ पाहिली. मग खिडकीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग पेटीतून ओळंब्याचं वजन काढलं आणि नुसतं हातात धरून उभा राहिला. भाऊंनी थोडा वेळ जाऊ दिला. थोरलेपणाला तेवढा लागतोच. मग त्यांनी खिशातून दोरीचं गुंडाळं काढून पुढे केलं.

दोरी वजनाला बांधली गेली आणि ओळंबा कोपऱ्यात सोडला. खाली वजन भिंतीला चिकटलेलं, आणि वर दोरी भिंतीपासून चांगली बोटभर दूर. भिंतच वर मागे रेलली होती. भाऊंनी वर तिच्यावर विश्वास ठेवला होता, बाळ्याने खाली.

"हा कुठला गवंडी रे?" भाऊ म्हणाले.

"गवंडी कसला! झोपेत बांधलीय," बाळ्या म्हणाला.

"आडवा पडून बांधली असेल. त्याला तीच सरळ दिसली."

"तू बघ ना भाऊ, खिडकीसुद्धा तिरकी आहे!"

"दाखव, दाखव. अरे देवा! याच्या हातात करणी कुणी दिली?"

पुढे बराच वेळ दोघांनी मिळून त्या न पाहिलेल्या गवंड्याचा उद्धार केला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्याच्यावर गेलं. मी कितीतरी घरं पाहिली आहेत. दोन माणसांना जवळ आणायला तिसऱ्या गैरहजर माणसाइतकं उपयोगी अवजार मी दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः शिकंजा आहे, म्हणून हे जबाबदारीने बोलतो.

चहा संपल्यावर प्रश्न आला, आता काय? वरची ओळ बोटभर सरकवायला हवी होती. म्हणजे भाऊंची.

"राहू दे," बाळ्या म्हणाला. "मी खालची सगळी काढतो."

"तुझी कशाला? सरळ आहे ती. मी वरची काढतो."

"म्हटलं ना, मी काढतो."

"थोरला कोण आहे?"

"आता यावरून सुरू करा," ताई म्हणाली.

वरचीच सरकवली. आणि तेव्हा गंमत झाली. खालची ओळ मध्ये असल्यामुळे बाळ्याचं पोट अडलं, हात पोचेना. भाऊ ते पाहत राहिले, बोलले काहीच नाहीत. मग वरची ओळ पेलायला लाकडाचे टेकू लागले, आणि भाऊंनी ते मुकाट्याने खालच्या ओळीवर दिले. बाळ्या ते पाहत राहिला. तोही काही बोलला नाही. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं बोलणं हेच झालं.

कोपऱ्यात उरलेल्या फटीत पट्टी बसली. चीर गेलेल्या फळीत सरस भरला. मग ताईने पदराखालून आम्हाला काढलं. मी वर लागलो, जुळा खाली. या वेळी बोटांनी फिरवलं तेवढ्यातच आम्ही बसलो, जोर लावायला कुणी लागलंच नाही. माझ्या नळीतून बरमा गेला, स्क्रू गेला आणि मला काढलं. मित्रांनो, काढल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी सुटलो तरी काही सुटलं नाही, तोच तर खरा सांधा.

भाऊंनी अंगठा पुढे केला आणि थांबले. "तू बघ," ते बाळ्याला म्हणाले.

बाळ्याने नख फिरवलं. वरून खालपर्यंत. कुठे अडलं नाही. तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, "हं."

मग आवराआवर. भाऊंनी मला पुसलं, पेटीत ठेवलं. बोलता बोलता जुळ्यालाही उचलून पुसलं आणि माझ्याशेजारी ठेवलं. सवयच ती, बऱ्याच वर्षांची. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात तिथेच राहिला. ताई रिकाम्या कपात पाहू लागली. बाळ्याची पेटी दाराशी उघडी पडली होती.

बाळ्याने आपल्या पेटीचं झाकण लावलं. म्हणाला, "ती कडी नीट लाव, भाऊ. मागे एकदा रस्त्यात सगळं सांडलं होतं तुझं."

कडी लागली.

मित्रांनो, आता आम्ही दोघे पुन्हा एका पेटीत आहोत. दुकान उघडं आहे. आधी वरची की आधी खालची, हा वाद रोज सकाळी होतो आणि दुपारपर्यंत दोन्ही लागलेली असतात. तुमच्याकडे मागणं फार नाही. अवजारांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या आणि आट्यांत पीठ जाऊ देऊ नका. दोन कपाटं जुळत नसतील, तर मला आणखी आवळण्याआधी एकदा भिंतीकडे पाहा. आणि जोडीने आलेल्या वस्तूंची वाटणी करू नका. आम्ही दोघे मिळून काम करतो, पण एकेकटं मोजलं तर एक दार अडवतो आणि दुसरा पिठाची पिशवी धरतो.