पुष्पलताबाईंचा भुतांचा महिना

खुशी थरथरत होती आणि पुष्पलताबाईंना त्याचा आनंद होत होता.

पडद्यावर एका बंद पडलेल्या शाळेची घंटा कुणी न वाजवता वाजत होती. दुपारचे साडेतीन झाले होते. खिडक्यांना जुने पलंगपोस अडकवून बाईंनी खोलीत अंधार केला होता. समोरच्या घरातली दहा वर्षांची खुशी दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

"मावशी, चादर दो ना."

"घाबरली का वं?"

"नाही. थोडीशी."

बाईंनी हसत तिच्या अंगावर चादर टाकली. आपण निवडलेला सिनेमा बरोबर लागू पडला, असं त्यांना वाटलं. गेल्या आठवड्यातल्या बाहुलीच्या सिनेमाला ही पोरगी खदाखदा हसली होती.

ऑक्टोबर हा भुतांचा महिना, हे बाईंना पुण्याच्या भाचीनं, ईरानं शिकवलं होतं. तिकडे परदेशात महिनाअखेरीस हॅलोविन असतो, लोक महिनाभर भुताखेताचंच वाचतात, पाहतात, म्हणून ईरानं दोन वर्षांपूर्वी, बाई निवृत्त झाल्या तेव्हा, टीव्हीवर सगळं जोडून दिलं आणि एकतीस सिनेमांची यादी पाठवली. यंदा खुशीच्या शाळेत कागदाचे भोपळे कापून लावले होते, तेव्हापासून तीही रोज शाळा सुटली की येऊन बसायची. तिच्या आईला, रचनाला, मुलगी डोळ्यांसमोर असल्याचं समाधान होतं.

बाईंची आवड मात्र ईराच्या यादीहून फार जुनी. मलेरिया विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सुरुवातीची अकरा वर्षं मध्य प्रदेशातल्या याच बालाघाट जिल्ह्यात, बिरसा आणि परसवाड्याकडच्या जंगलात गेली. लग्न जमायचं राहिलं ते राहिलंच. क्वार्टरमध्ये करमणूक म्हणून बालाघाटच्या बसस्टँडवरून आणलेल्या हिंदी भुतांच्या कादंबऱ्या आणि नागपूरच्या मावशीनं पाठवलेले दिवाळी अंक. त्यातल्या भूतकथा त्या आधी वाचायच्या, बाकीचं उरलं तर. दिवसभर तापानं फणफणलेली लेकरं पाहून आल्यावर पुस्तकातली भीती त्यांना हलकी वाटायची. ती शेवटच्या पानावर संपायची आणि तिच्यात कुणी खरं मरायचं नाही.

सिनेमा संपला. बाईंनी पलंगपोस काढले. उजेडात खुशीचा चेहरा उतरलेला दिसला.

"डोकं दुखून राह्यलं, मावशी. आज मी जादाच डर गई."

"जा, घरी जाऊन थोडी झोप. उद्या हसण्याचा लावू."

बुधवारी खुशी आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी दुपारी बाई चहाचं आधण ठेवत होत्या, तेव्हा दारात शेवंताबाई उभ्या राहिल्या. त्या खुशीच्या आजी. एरवी आधी हाक मारून, मग चप्पल काढून आत येणाऱ्या. आज त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"काय दाखवलं तुम्ही पोरीले?"

"काहून? काय झालं?"

"कालपासून बडबडून राह्यली. घंटी बजून राह्यली म्हणते, घंटी बंद करा म्हणते. आपल्या मायलेच ओळखत नाही. रात्रभर कानावर हात ठेवून होती." शेवंताबाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड जात होतं. "एकट्या राहता तुम्ही. दिवसाढवळ्या घरात अंधार करता. मी कधी काही बोलली नाही. पण लेकराले काहून बसवलं त्याच्यात?"

"ताप आहे का तिले?"

"ते आमचं आम्ही पाहू. परसवाड्याहून झाडफूंक करणारा गुनिया येऊन राह्यला. तुम्ही तेवढं घरी येऊ नका."

शेवंताबाई वळल्या आणि गल्ली ओलांडून गेल्या. शेजारच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या दोघी बायका मान खाली घालून निवडत राहिल्या, पण त्यांचे हात थांबले होते, हे बाईंना दिसलं.

बाईंनी गॅस बंद केला. आतल्या खोलीत गेल्या, परत बाहेर आल्या. ईराची यादी टेबलावर होती, ती घडी घालून खणात टाकली. पुन्हा काढली. आपण एका लेकराच्या डोक्यात काहीतरी भरवलं, हे त्यांना पटतही होतं आणि पटतही नव्हतं. सिनेमात रक्त नव्हतं, मारामारी नव्हती. नुसती घंटा. घंटेनं कुणी आईला ओळखेनासं होतं का? त्या खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठल्या. दिवाणावर मंगळवारची चादर तशीच चुरगळून पडली होती. ती उचलून झटकताना त्यांचा हात थांबला.

त्या दिवशी खोली बंद होती. पंखा पाचवर होता, तरी त्यांच्या स्वतःच्या मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते. आणि खुशीनं चादर मागितली होती.

दात वाजत होते. मग डोकेदुखी. दसऱ्याच्या सुट्टीत ती कुठे गेली होती? बिरशाकडे, मामाच्या गावी. येऊन दोन आठवडे होत आले होते. पायावरचे डास चावल्याचे फोड तिनं स्वतः बाईंना दाखवले होते.

बाई चादर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कुठल्याही पाड्यावर, कुठल्याही दारात, लेकरू असं थरथरताना दिसलं असतं तर त्यांनी नाव विचारायच्या आधी त्याचं बोट धरलं असतं. आणि इथे, स्वतःच्या दिवाणावर, त्या हसल्या होत्या.

चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही.

समोरच्या घरात माणसं भरली होती. खाटेवर खुशी डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. उशाशी रचना, पायथ्याशी लिंबं, अगरबत्ती, आणि कडुलिंबाची डहाळी घेतलेला सत्तरीचा एक म्हातारा. तोच गुनिया. खुशीचा बाप राजू सकाळीच किरनापूरच्या आपल्या दुकानात गेला होता. त्याला फोन गेला होता, तो वाटेत होता.

"तुमाले सांगितलं होतं ना," शेवंताबाई दारात आडव्या आल्या.

"आजी, तिचं रक्त तपासायला पाहिजे. आत्ता. मलेरिया डोक्यात चढला तर लेकरू असंच बडबडते."

"मलेरियात थंडी वाजते. हिले थंडी कुठं वाजली?"

बाईंना उत्तर माहीत होतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. सगळी गल्ली ऐकत होती.

खाटेपाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे बारीक करून तो बाईंकडे पाहत राहिला.

"बाई, आप सुईवाली बाई हो ना? परसवाड़ा में रहती थीं?"

"हो. तुम्ही?"

"प्रेमलाल. आपने मेरे छोटे का खून लिया था. मैं नहीं लेने दे रहा था, आप दिन भर आंगन में बैठी रहीं." त्यानं डहाळी खाली ठेवली. मग शेवंताबाईंकडे वळून तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माई, मेरा काम बाद में भी हो जाएगा. पहले इनका होने दो."

प्रेमलालनं आपल्या थैलीतून काळा दोरा काढला, खुशीच्या मनगटाला बांधला आणि तो स्वतःच ऑटो बोलवायला बाहेर गेला.

सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत संघमित्रा होती. बाईंनीच तिला काम शिकवलं होतं. तिनं बोट टोचलं, पट्टीवर थेंब टाकला, दुसरा काचेवर घेतला. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तसं डॉक्टरांनी खुशीला आत घेतलं आणि शिरेतून औषध सुरू केलं. पाच वाजून गेले होते. काच रंगवून झाल्यावर संघमित्रा खुर्चीवरून उठली.

"तुम्हीच पाहा, मॅडम."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. तांबड्या पेशींच्या आत बारीक निळ्या अंगठ्या, मलेरियाचे जंतू. एका पेशीत एक, एका पेशीत दोन, जिकडे काच सरकवावी तिकडे. त्यांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि मोजणं अर्ध्यावर सोडलं.

बाहेर बाकड्यावर रचना बसली होती. राजू औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावत होता. डॉक्टर येऊन सांगून गेले की वेळेत आणलंत, उद्यावर टाकलं असतं तर सांगता आलं नसतं. रचनानं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"ताई, तुम्ही नसत्या तर काय झालं असतं? आईच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

बाई त्या हातांकडे पाहत होत्या. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. कुणालाच काही कळणार नव्हतं. पोरगी वाचणार होती, गल्ली दोन दिवसांत आपलं म्हणणं बदलणार होती.

"रचना, तिले थंडी वाजली होती," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. माझ्याच घरी, माझ्यासमोर. दात वाजून राह्यले होते. मले वाटलं, सिनेमाले घाबरली."

रचनाला पहिल्यांदा नीट समजलं नाही. "मंगळवारी?"

"हौ."

"तुमाले समजलं नाही? तुमाले?"

"नाही समजलं. मी मजेत होती."

आतून सलाईनची बाटली बदलायला कुणीतरी हाक मारली, तशी रचना उठली. उठताना तिनं बाईंचा हात सोडला. रागानं नाही, सांभाळून सोडला, आणि परत येऊन बसली ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला.

खुशीनं तिसऱ्या दिवशी आईला ओळखलं आणि पोहे मागितले. दिवाळी दवाखान्यातच गेली. घरी आली तेव्हा अंगात नुसती हाडं उरली होती, पण चालत आली. खिडकीतून बाईंनी पाहिलं. हात हलवावा की नाही, हे ठरेपर्यंत ती आत गेली होती.

त्या दहाबारा दिवसांत बाईंनी सिनेमा लावून पाहिला नाही असं नाही. लावायच्या आणि उठायच्या. कधी गॅस पाहायला, कधी दार. पडद्यावर एखादी बाई किंचाळली की त्यांना तिचा श्वास मोजावासा वाटे, पोरगं थरथरलं की नाडी. नवीन आलेलं पुस्तक चाळीस पानांवर पालथं पडून होतं. गल्लीतल्या बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या, जरा जास्तच गोड. काळ्या दोऱ्यानं पोरगी वाचली असं काही म्हणत, काही इंजेक्शनानं म्हणत. बाईंपुढे सगळ्याच इंजेक्शन म्हणत.

एकतीस तारखेला दुपारी ईराचा फोन आला. "आत्या, आज हॅलोविन. शेवटचा सिनेमा राहिलाय, तो आज पाहायचाच. तुझी छोटी पार्टनर बरी झाली ना?"

"बरी आहे."

"मग दोघी पाहा. तो खरंच भारी आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "पाहते."

समोर सकाळपासून गडबड होती. पताका लागल्या होत्या, केळीचे खांब बांधले होते. खुशीसाठी बोललेला सत्यनारायण होता. शंख वाजला, आरती झाली, माणसं येत-जात राहिली. बाईंनी धुतलेली साडी नेसली होती. बोलावणं आलं तर पटकन निघता यावं म्हणून. चार वाजता त्यांनी खिडक्या उघड्या ठेवूनच टीव्ही लावला. उजेडात पडद्यावर नीट काही दिसत नव्हतं.

साडेचारच्या सुमारास राजू आला. कपाळाला कुंकू, अंगावर नवा शर्ट. त्यानं चपला काढल्या आणि उंबऱ्यातच उभा राहून प्रसाद पुढे केला.

"ताई, तुमचे उपकार..." त्यानं प्रसाद त्यांच्या हातात ठेवला. "आईचं म्हणणं आहे, खुशीले थोडे दिवस कुठं पाठवायचं नाही. रचनाचंही."

"बरोबर आहे. आराम करू दे तिले. गोळ्या पुऱ्या झाल्या?"

"हौ."

"पुढच्या आठवड्यात एकदा रक्त पुन्हा तपासून घ्या. ताप नसला तरी. संघमित्राले मी सांगून ठेवते, रांगेत उभं राहावं नाही लागणार."

"घेतो, ताई." मागं पडद्यावर कुणीतरी जिना चढत होतं. "येतो मग," म्हणाला आणि गेला.

प्रसाद पानांच्या द्रोणात होता. गल्लीत एकमेकींकडे काही पाठवायचं झालं की वाटी जाते, किंवा डबा. मग वाटी न्यायला कुणीतरी येतं, बसतं, तासभर बोलतं. द्रोण न्यायला कुणी येत नाही.

बाईंनी टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांनी सगळा शिरा खाल्ला, केळ्याचा तुकडा, तुळशीचं पानसुद्धा. मग नळाखाली द्रोण धरला, काड्या निसटू नयेत म्हणून दोन बोटांनी आतून हळूच धुतला, आणि ओट्यावर, वाट्यांच्या ओळीत, उपडा घालून ठेवला.