खोकल्याच्या जागा

हृदयविकाराच्या झटक्यातून बाई वाचल्या त्याला चार महिने झाले होते आणि खोकला मागे लागून तीन. कफ नाही, ताप नाही. घशात कुणी पीस फिरवावं तशी खाज सुटायची आणि डोळ्यांतून पाणी काढूनच ती उबळ थांबायची. दुसऱ्या एखादीने खोकत खोकत दिवस काढले असते, पण बाईंचं सगळं कामच गळ्याचं. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत त्या एकवीस वर्षं वाचत होत्या.

काचेपलीकडे बसणारा ध्वनिमुद्रक कानाचा इतका तिखट, की सगळे त्याला कानसेन म्हणत. पूर्वी तो एका बैठकीत बाईंची तीस पानं उरकायचा. आता पाच पानांना दुपार कलायची.

"गाणाऱ्यांच्या जागा असतात ना बाई, तशा या तुमच्या खोकल्याच्या," असं म्हणत तो पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने खुणा करायचा. पहिला आठवडाभर बाईही हसल्या. मग दोघंही हसेनासे झाले.

घरी औषधांचा ताबा नवऱ्याकडे होता. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला हाताला काम हवंच होतं, ते बाईंच्या आजारपणाने मिळालं. गोळ्या तोच आणायचा, कप्प्यांच्या डबीत तोच भरायचा, पाण्याचा पेलाही तोच पुढे करायचा. गोळ्यांनी बाईंचे हातपाय गार पडत. कुठे जरा टेकलं तरी दंडावर निळे डाग उठत. ते त्यांनी मुकाट्याने सोसलं. खोकला मात्र सोसवेना. वाफ झाली, गुळण्या झाल्या, घशाचे डॉक्टर झाले.

"हृदयाच्या डॉक्टरांना विचारू या का?" त्या एकदा म्हणाल्या.

"खोकल्याचं त्यांना काय विचारायचं? मनाचं आहे सगळं. धसका घेतलायस तू," नवरा म्हणाला. हळूहळू बाईंनाही ते पटत चाललं.

मग एक दिवस संस्थेच्या संचालिकेने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "एका श्रोत्याचा फोन आला होता. तक्रार नव्हती हो. बाईंना बरं नाही का, एवढंच विचारत होते. आपण ती मोठी कादंबरी नव्या मुलीकडे देऊ या. तुम्ही विश्रांती घ्या."

"अर्धी वाचून झालीय माझी."

"ती पहिल्यापासून वाचेल. एकच आवाज असलेला बरा."

त्या कादंबरीसाठी बाई सहा वर्षं थांबल्या होत्या. पण ते सांगायला गेल्या असत्या तर खोकलाच आला असता.

त्याच आठवड्यात नवऱ्याचा पाय मुरगळला आणि गोळ्या आणायला बाईंना जावं लागलं. औषधाच्या दुकानात गेल्या गेल्या त्यांना उबळ आली. ती ओसरेपर्यंत दुकानदारीण थांबली.

"कोरडा आहे का? या गोळीने होतो काही जणांना. आतल्या कागदावर लिहिलंय की. डॉक्टरांना सांगितलंत?"

बाईंनी खोकं उघडलं, घडी मोडली आणि तिथेच उभ्या उभ्या तो कागद वाचला. घरी आल्या त्या सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"या खोक्यातले कागद कुठे जातात?"

"फाडून टाकतो मी. भलभलतं लिहिलेलं असतं त्यात. तू वाचलं असतंस तर तुला सगळंच व्हायला लागलं असतं."

"तुम्ही वाचलेत?"

त्याने पायावरची पट्टी उगाच नीट केली. "पहिला वाचला होता."

"खोकल्याचं होतं त्यात?"

"शंभर गोष्टी होत्या अगं. तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी?"

"एकवीस वर्षं मी परक्यांना पुस्तकं वाचून दाखवली," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला माझ्याच औषधाचा कागद वाचू दिला नाहीत."

गोळ्या उचलून कचऱ्यात फेकाव्यात असं त्यांना वाटलं. पण मरणाची भीती रागाहून मोठी निघाली. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"आधी का नाही सांगितलंत? दोन मिनिटांचं काम होतं," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

डॉक्टरांनी मान खाली घालून दुसरी गोळी लिहिली. आपल्या मनाने औषध बंद केलं नाहीत हे बरं केलंत, असंही म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला. असा गेला, जणू कधी नव्हताच.

बाई संस्थेत परतल्या, तेव्हा नवी मुलगी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांत होती. पुढची दोन पुस्तकंही तिच्याच नावावर लागली होती. "आता तिला थांबवणं बरं दिसणार नाही," संचालिका म्हणाली. "तुम्ही तिच्या चुका तपासाल का? तुमच्याएवढं जाणतं कोण आहे?"

बाईंनी हेडफोन कानाला लावले. कानसेन काचेपलीकडून इकडे बघत नव्हता. दीडशे पानांत तीन चुका सापडल्या. मुलगी छान वाचत होती, हेच बाईंना जास्त झोंबलं.

आता डबी बाई स्वतः भरतात. चहाबरोबर नवऱ्याला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची त्यांची जुनी सवय होती. खोकल्यामुळे ती मोडली होती. आवाज परत आल्यावर एका सकाळी तो खुर्ची जवळ ओढून बसला.

"काय म्हणतंय आजचं?"

बाईंनी शेवटच्या पानापर्यंत मनातल्या मनात वाचलं, घडी घातली आणि वर्तमानपत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमचे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.