सुलताना कशानं पळाली

आमची सुलताना नवरदेवाची घोडी. मुकुंदवाडीतल्या निम्म्या नवरदेवांना तिनं मांडवापर्यंत नेलं, पण वेळेवर एकालाही नाही. आता नवरदेव उघड्या मोटारीतून मिरवतात आणि सुलताना दारात उभी राहून खाते. कडबा खाल्ला तर कोण बोलतंय? पण तिला गोडी माझ्या बायकोच्या भाकरीची. गोजरबाईनं भाकर टोपल्यात टाकली की ही खिडकीतून मान घालून उचलते. मग गोजरबाई पिठाच्या हातानंच मागं धावते, "थांब, तुझं तंगडंच मोडते!" घोडी गल्लीबाहेर. हे रोजचं.

ज्या दिवशी खाटेवरचे पापड संपले, त्या दिवशी गोजरबाईनं निकाल दिला.

"घोडी पैठणला सोनियाकडं धाडा. जावयाच्या शेतात चरंल."

पोरीच्या घरी घोडी गेली की ती गेलीच. मी म्हणालो, "अगं, लासूरच्या यात्रेत घोड्यांच्या शर्यती हायत. सुलताना पहिली आली तर?"

"ही? पहिली?" ती इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली. "आली तर ऱ्हाऊ द्या जन्मभर. नाय आली तर तिथूनच पैठण. पण मुक्या जनावराला पळवायचं कशाला? तुमच्या पाठीवर कडुबाला बसवते, पळा गंगापूरपर्यंत. मंग कळंल."

कडुबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अंगानं असा की भिजला तरी पन्नास किलो भरायचा नाही. म्हणून स्वार तोच.

तिचं खोटं नव्हतं. शर्यतीत पडलेले घोडे मीही पाहिले आहेत, फेसाळलेली तोंडं पाहिली आहेत. पण दहा घोडे एकदम सुटले की जमीन पायाखाली धडधडते आणि सत्तरीतला माणूसही टोपी उडवून ओरडायला लागतो. त्याला मी काय करू?

लासूर स्टेशनजवळच्या माळावर पंच नानासाहेबांनी भोंग्यावरून नियम वाचले. चाबूक नाही, टाचणी नाही, शेपूट पिरगाळणं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सुलतानाच्या पोटावर हात फिरवला. "तब्येत चांगली आहे. जरा जास्तच."

चाबकाशिवाय ही हलणार कशी? मी एक आखूड चाबूक हळूच कडुबाच्या सदऱ्यात सरकवला.

"दाजी, आक्का बघंल."

"एवढ्या गर्दीत तिला काय दिसतंय?"

झेंडा पडला. नऊ घोडे सुटले. सुलताना जागच्या जागी. तिला वाटलं असेल, बँडवाले अजून यायचेत. कडुबानं घाबरून चाबूक काढला आणि माझ्या मागून आवाज आला.

"कडुब्या! थांब, तुझं तंगडंच मोडते!"

कडुबाच्या हातातून चाबूक गळाला. सुलतानाचे कान मागं गेले आणि ती अशी सुटली की माझ्या तोंडात माती गेली. गोजरबाई पदर खोचून भावाच्या मागं. ती जितकी ओरडे, तितकी घोडी लांब. कडुबा मानेला मिठी मारून "आक्का, नको! आक्का, नको!" करत होता. सगळे घोडे मागं टाकून सुलतानानं रेषा ओलांडली आणि ती थेट भजीवाल्याच्या पालाआड जाऊन लपली.

हरलेल्यांनी गलका केला. "हा जनावराचा छळ हाय! त्या आवाजापरीस चाबूक बरा!"

डॉक्टरांनी घोडी पुन्हा तपासली. अंगावर एक वळ नाही.

"वळ आतून असतील," कडुबा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पण सुरुवातीच्या रेषेवर पडलेला चाबूक नानासाहेबांना सापडला. सुलताना बाद. बक्षिसाची ढाल दुसऱ्या नंबरच्या घोड्याला गेली.

घोडी टेम्पोत चढवली. मी खाली मान घालून विचारलं, "डायवरला पैठण सांगू?"

गोजरबाईला अजून धाप लागली होती. "पैठण कशाला? पहिली कोण आली ते म्या डोळ्यांनी बघितलं. शेवटचा घोडा तर मीच मागं टाकला."

"पण बाद केली ना तिला."

"चाबूक तुम्ही आणला, तिनं नाय. माझ्या भाकरीवर वाढलेली घोडी हाय ती. पैठणला जायचं तर तुम्ही जा."

यंदा यात्रेच्या नियमांचा कागद घरी आला. त्यात नानासाहेबांनी एक ओळ वाढवली आहे : चाबूक, टाचणी आणि गोजरबाई मैदानात आणू नये.

गोजरबाईनं तो कागद खिडकीशेजारी भिंतीला चिकटवला आहे. आल्यागेल्याला दाखवते. त्याचा एक कोपरा सुलतानानं खाल्ला.