रिकामी ठेवायची खुर्ची

"उठा, उठा तिथून आधी! त्या खुर्चीवर बसायचं नाही."

छातीवर बिल्ला लावलेली एक बाई दबक्या आवाजात आमच्या ह्यांना दटावत होती आणि हे आपले ढिम्म. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी दाबत, लेकीच्या शेजारी ऐटीत बसलेले. विद्यापीठाच्या एवढ्या पायऱ्या चढून आलेला माणूस. समोर आपली पोरगी दिसली, तिच्या शेजारी खुर्ची रिकामी, मग बसणार नाही तर काय करणार? मला राग आलाच.

"अहो बाई, बसू द्या की," मी म्हटलं. "सगळ्या पोरींच्या शेजारी एकेक खुर्ची रिकामी ठेवलीत, ती काय शोभेला?"

"शोभेला नाही," ती म्हणाली. "या मुलींच्या वारलेल्या वडिलांची जागा आहे ती. मोठ्या बाईंची तशी पद्धत आहे. ही शिष्यवृत्ती वडील नसलेल्या मुलींसाठीच असते ना!"

मी उभ्या जागी गार पडले. लेकीकडे बघितलं, तर तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नाही. आणि शेजारी तिचा वारलेला बाप, मी सकाळी कडक इस्त्री करून दिलेला शर्ट घालून, जिवंत.

आता कळलं. 'आई, तू एकटीच ये, बाबांना पायऱ्या झेपायच्या नाहीत,' असं चार दिवस का घोकत होती ते. मीच हट्टानं ओढून आणलं ह्यांना. म्हटलं, लेकीचं कौतुक बापानं नाही बघायचं तर कुणी! जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या ह्यांनी. गुडघ्यांवर बसून बसून गुडघे कामातून गेले आणि काम सुटलं. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते. त्यात घर चालतं, पोरीचं फार्मसीचं शिक्षण कसं चालणार? ती एक दिवस नाचतच आली, शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. आम्हीही नाचलो. कुणी दिली, का दिली, काही विचारलं नाही.

तेवढ्यात मोठ्या बाईच काठी टेकत आल्या. पैसे त्यांचेच. लहानपणी वडील गेले आणि त्यांची स्वतःची शाळा सुटली, असं दारातल्या फलकावर लिहिलं होतं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

हे उठले. मला वाटलं, झालं, आता हॉल डोक्यावर घेणार. आमच्या ह्यांचा राग साधा नाही. पैसे बुडवणाऱ्या एका कंत्राटदाराला थापी फेकून मारली होती एकदा. त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"मी मामा," हे म्हणाले. "हिच्या आईचा भाऊ. चुकून बसलो बाई, माफ करा."

माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा माझा भाऊ झाला! एरवी हसून हसून मुरकुंडी वळली असती माझी. मोठ्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "एकटीनं वाढवलंत हो पोरीला," म्हणाल्या. "माझ्या आईचे हाल बघितलेत मी. सगळं कळतं मला." त्यांचा हात मऊ होता, आवाजात खरी माया होती. मला हुंदकाच फुटला. आणि त्या बिचाऱ्या मला थोपटत राहिल्या.

हे मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मुलीनं उठून वडिलांविषयी दोन शब्द बोलायचे होते. आमची उठली. मनात म्हटलं, देवा, हिची जीभ आता उचलू देऊ नकोस.

"माझे बाबा फरशी बसवायचे," ती म्हणाली. "कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीवर हात फिरवायचे, मग माणसांशी बोलायचे. आई खूप चिडायची. मला पाठीवर बसवून घरभर घोडा घोडा करायचे, गुडघे दुखत असले तरी. असे बाबा कुणाला मिळायचे नाहीत."

टाळ्या पडल्या. मी मागे वळून बघितलं. हेही वाजवत होते, सगळ्यांच्या बरोबरीनं.

निघताना मोठ्या बाई ह्यांना म्हणाल्या, "तुमच्यासारखा मामा पाठीशी आहे, हिला बापाची उणीव भासायची नाही."

"नाही भासू देणार," हे म्हणाले.

जिन्यात मी पोरीचा दंड धरला. "जित्याजागत्या बापाला मारलंस? लाज नाही वाटली? जीभ कशी उचलली तुझी?"

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, वडील आहेत का. दाखला कुणी मागितलाच नाही," ती रडतच म्हणाली. "आहेत म्हटलं असतं तर पुढच्या मुलीला आत बोलावलं असतं. मला शिकायचं होतं गं आई. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना. नको मला त्यांचे पैसे."

ती वळलीच होती. ह्यांनी तिचा रस्ता अडवला.

"खाली चल," हे म्हणाले. "दोनच वर्षं राहिलीत तुझी. तेवढी काढतो मी मेलेला राहून. काय अवघड आहे त्यात? नाहीतरी घरी बसूनच असतो."

"अहो, काय बोलताय!" मी ओरडले.

"तू गप्प बस, ताई," हे मला म्हणाले आणि हसायला गेले. जमलं नाही त्यांना.

कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले. पोरगी धावत त्यांच्यापाशी गेली. "बाबा..."

हे दचकून मागे बघायला लागले. बिल्ल्याची बाई वर जिन्याच्या तोंडाशी उभी होती, सगळ्यांना निरोप देत.

"हळू," हे कुजबुजले. "इथं नाही. नीट हाक मार."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"मामा," ती म्हणाली.

आणि ह्यांनी ओ दिली.